वजनाने मोजलेल्या चिमण्या

हिवाळा सरत असताना, एका गुरुवारी, सकाळी सव्वासात वाजता, गल्लीच्या टोकाच्या घरामागील अंगणात, तराजू दुरुस्त करणारा एक प्रौढ कारागीर हातात भिंग घेऊन फळीवर ओणवा झाला होता. फळीवर धान्याची ताटली होती. तिच्याभोवती त्याने आदल्या संध्याकाळी पिठाचा पातळ थर चाळला होता.

हा उद्योग थोरल्या बहिणीच्या प्रश्नातून निघाला होता. "अरे, तुझ्या वहीत रोज वीस चिमण्या येतात, मग एकीचीही चिवचिव माझ्या कानावर कशी पडत नाही?"

"कान म्हातारे झाले तुझे, ताई."

"नळाची ठिबक ऐकू येते, तुझी कुरकुर ऐकू येते. नेमक्या चिमण्याच बऱ्या गळतात!"

हा प्रश्न त्याला कुसळासारखा रुतला. नऊ वर्षांपूर्वी आठवडाभर खिडकीत बसून त्याने प्रमाण ठरवले होते: एक चिमणी दिवसाला पाच ग्रॅम दाणे टिपते. तेव्हापासून तो रोज सकाळी शंभर ग्रॅम धान्य मांडी, दुसऱ्या सकाळी उरलेले तोली आणि फरकाला पाचाने भागून चिमण्या लिही. दिवसभर दुकानात काटे जुळवणाऱ्याला पाखरे पाहायला सवड कुठली? शिवाय डोळा फसतो, काटा फसत नाही, हे त्याचे ब्रीद.

आता त्या ब्रीदावर गल्लीतल्या झुडपांच्या कुंपणाचे भवितव्य अवलंबून होते. तीन वर्षांपूर्वी अर्धे कुंपण तोडले, तरी वहीतला आकडा विसावरच राहिला. मग उरलेले तोडून भिंत घातल्याने काय बिघडणार, असा उद्यान खात्याच्या अधीक्षकबाईंचा तर्क. गल्लीतल्या चिमण्यांची दुसरी नोंद नसल्याने वही पाहून निर्णय द्यायला त्या दहा वाजता येणार होत्या.

ताटली रिकामी होती. पिठात पुढच्या पंजांची चार-चार बोटे, मागच्यांची पाच-पाच, आणि मधून शेपट्यांच्या बारीक रेघा उमटल्या होत्या.

"उंदीर!" तो पुटपुटला. आश्चर्य असे, की त्याला लाजेआधी कुतूहलच वाटले. त्याने ताटली पुन्हा भरली आणि नऊ वर्षांनी प्रथमच खिडकीत खुर्ची ओढली. ताई शेजारी येऊन बसली.

पावणेदहापर्यंत तीन चिमण्या आल्या. प्रत्येक वेळी त्या कुंपणातूनच निघाल्या आणि कावळ्याची सावली पडताच कुंपणातच शिरल्या.

"आणखी सतरा कुठे राहिल्या?" ताईने विचारले.

"बिळात," तो म्हणाला.

अधीक्षकबाई आल्या तेव्हा वही टेबलावर होती. ती मुकाट्याने पुढे सरकवली असती, तर त्याची अब्रू शाबूत राहिली असती. त्याने आधी त्यांना पीठ दाखवले, मग खुर्ची दिली.

"म्हणजे पहिल्यापासून सगळंच खोटं?" त्यांनी विचारले.

"वजनं खरी आहेत, बाई. खाणारे कधी बदलले, ते ठाऊक नाही. उंदरांनी वर्दी दिली नाही, आणि मी डोकावून पाहिलं नाही."

त्या हसल्या नाहीत. अर्धा तास खिडकीशी बसल्या, तिन्ही चिमण्यांची ये-जा पाहिली, आणि उठताना म्हणाल्या, "वही पुराव्यातून बाद. कुंपण तोडायचं नाही."