सात आठवडे निरीक्षण

परदेशातल्या शाळेत तिचा पहिलाच सरावपाठ होता, अपूर्णांकांचा. मायदेशी बी.एड.च्या वर्गात तिच्या पाठांचे दाखले दिले जायचे, म्हणून तर तिला इकडे पाठवलं होतं. इथे मात्र तिने तोंड उघडलं आणि मुलं एकमेकांकडे बघू लागली. तिचे उच्चार कुणाला कळेनात. तिने हळू सांगून पाहिलं, फळ्यावर गोल काढून त्याचे चार भाग केले.

पुढच्या बाकावरच्या मुलीने हात वर केला. "आमच्या बाई कधी शिकवणार?"

त्यात खोडी नव्हती. तिला खरंच गणित समजून घ्यायचं होतं.

वर्गाच्या बाई उठल्या, तिच्या हातातला खडू घेतला आणि पाच मिनिटांत सगळं समजावलं. "उद्यापासून तू नुसतं निरीक्षण कर," त्या नंतर म्हणाल्या. "मुलांचं नुकसान नको."

संध्याकाळी आईचा फोन आला. "काय गं, ऐकतात का पोरं?"

"अगदी जिवाचा कान करून."

"वाटलंच! तुझे बाबा तर सगळीकडे सांगत सुटलेत."

सात आठवडे ती मागच्या बाकावर बसून वह्या भरत राहिली. निघताना प्रमाणपत्र मिळालं. त्यावर 'अध्यापन : उत्तम' असा शेरा होता. तो वाचून तिला रडू कोसळलं.