माझे इटालियन दात

मी एक जुने, लोकर पिंजणारे यंत्र आहे, मित्रांनो. जन्म इटलीचा, मुक्काम कवठे महांकाळ.

तिकडे मला मऊ, धुतलेली लोकर मिळे. एकच बाई माझ्यासारखी चार यंत्रे सांभाळी आणि मधूनमधून कॉफीही पिई. पाहुणे म्हणत, काय ही उत्पादकता! मला वाटे, सगळी माझीच. पुढे नवे मॉडेल आले आणि मी जहाजात चढले.

इथल्या जैनुद्दीन पिंजाऱ्यांनी मला घेतले आणि हिशेब उलटा झाला. चार माणसे मला एकट्याला चालवत होती, आणि मी बंदच होते. गावच्या मेंढपाळ हरणाबाईंच्या मेंढ्यांची लोकर जाडीभरडी. त्यात वाळू, कुसळे. माझे बारीक दात गच्च भरत. कंपनीला फोन केला तर उत्तर आले : यंत्र उत्तम आहे, लोकर बदला.

हरणाबाईंनी ते मनावर घेतले. कातरणीआधी मेंढ्या ओढ्यावर धुतातच. यंदा त्यांनी शाम्पूच्या पुड्या फोडल्या. मेंढ्या चमकल्या, घमघमल्या आणि घरी येताना फुफाट्यात मनसोक्त लोळल्या.

“आता मेंढरास्नी इटलीला धाडू व्हय?” हरणाबाई कडाडल्या. “आवं जैनुद्दीनभाई, पिंजून न्हाई दिली तर औंदाची समदी लोकर उकिरड्यावर जातीया!”

“सोमवारी ह्याला भंगारात घालतो,” जैनुद्दीन म्हणाले.

मी शहारले.

“अब्बा, मेंढरं हायती तशी ऱ्हाऊ द्या,” त्यांची आयटीआय झालेली मुलगी दिलशाद म्हणाली. “ह्याचंच दात काढू.”

तिने माझे बारीक दात उपसून जाड तारेचे बसवले. शिवाय माझ्या पुढ्यात ज्वारीच्या जुन्या मळणीयंत्राचा ड्रम जोडला, खाली जाळी लावली. माझ्यासारख्या खानदानी यंत्राला ही सोयरीक! पण वाळू तिथेच झडू लागली. पट्टा तुटला, जाळी फाटली, दिलशाद हटली नाही.

सोमवारी गुंडा नावाचा भंगारवाला वजनकाटा घेऊन आला, तेव्हा माझ्यातून पिंजलेल्या लोकरीचा मऊ पेळू सलग बाहेर पडत होता. हरणाबाईंनी तो गालाला लावला.

“ह्यो आमच्याच मेंढरांचा?”

“तुमच्याच,” दिलशाद म्हणाली.

“मग मी काटा घिऊन माघारी जाऊ व्हय?” गुंडा म्हणाला.

“चा पिऊन जा,” जैनुद्दीन म्हणाले.

मित्रांनो, यंत्राला तेल घाला, पुसा, जपा. पण ते कितीही लांबून आलेले असो, अडले की मेंढ्यांकडे संशयाने पाहू नका. पाना घ्या.