एक कार्ड, दोन जावा

मी एक जुने ग्राफिक्स कार्ड आहे, आणि मित्रांनो, सुरुवातीलाच सांगून टाकते, मला माणसे आवडत नाहीत.

संगणकाच्या मनातले चित्र पडद्यावर काढणे हे माझे काम. कारखान्यात मला तपासणाऱ्या बाई म्हणाल्या, "छान आहे." माझ्या आयुष्यातली ही एकमेव स्तुती. त्या प्रत्येक कार्डाला तेच म्हणतात, हे मला शेजारच्या खोक्याने लगेच सांगितले.

पुढे मी दोन भावांच्या छापखान्यात आले. त्यांच्या बायका पानांची मांडणी करत. दोघींत मिळून एकच संगणक घेतला तर जावाजावांत प्रेम वाढेल, असे भावांना वाटले. असल्या डोक्यांच्या हाताखाली मी राबले. संगणक एक, पण पडदे दोन, कळफलक दोन, आणि दोघींचे लॉगिन वेगळे. दोन्ही पडद्यांचे ओझे माझ्या एकटीच्या माथी. थोरलीने टेबलाच्या मधोमध पुठ्ठ्याची भिंत उभी केली. धाकटीने आपल्या बाजूने ती रंगवून घेतली.

दोघी एकमेकींशी बोलत नसत. जे काही असेल ते टेबलफॅनला सांगत.

"पंख्या, काही जणींना दार लावायला हात नाहीत वाटतं."

"पंख्या, काही जणींना डोळे असून उपयोग नाही. दार लावलेलंच आहे."

पंखा आळीपाळीने दोघींकडे मान हलवी. असा दुतोंडी प्राणी मी दुसरा पाहिला नाही.

मित्रांनो, संगणकाचे म्हणणे मला समजावून सांगणारा एक दुभाषा असतो. त्याला ड्रायव्हर म्हणतात. थोरलीच्या जुन्या प्रोग्रामला जुना ड्रायव्हर लागे, धाकटीच्या नव्याला नवा. म्हणून थोरली सकाळी लवकर येऊन गुपचूप जुना घाली. धाकटी दुपारी थोरली जेवायला गेली की त्याच्यावरच नवा चढवी. आधीचा काढायचे कष्ट कोण घेणार? माझ्या कानाशी दोन दुभाषे एकदम ओरडू लागले. एकीने लॉगिन केले की दुसरीचा पडदा काळाठिक्कर पडे.

"पंख्या, जळतात रे लोक माझ्या कामावर!"

"जळायला काम तर दिसायला हवं ना, पंख्या!"

शेवटी शाळेच्या प्रश्नपत्रिकांचा दिवस उजाडला. चार वाजता मजकूर छपाईला गेला नाही, तर शाळा कायमची दुसऱ्या छापखान्यात जाणार होती. गणिताचा पेपर थोरलीकडे होता, भूगोलाचा धाकटीकडे. दोन वाजता दोन्ही पडदे काळे झाले. पुठ्ठ्याच्या दोन्ही बाजूंना सारखाच घाम फुटला. खोटे कशाला बोलू, मला बरे वाटले.

दुरुस्तीवाला धावत आला. संगणकातल्या नोंदी वाचून त्याने कपाळाला हात लावला. "या महिन्यात एकोणचाळीस वेळा ड्रायव्हर बदललाय! कुणी?"

दोघींनी पंख्याकडे बोट दाखवले.

त्याने सगळे ड्रायव्हर मुळापासून उपटले आणि दोन्ही प्रोग्रामना चालेल असा एकच मधला ड्रायव्हर घातला. मग ड्रायव्हर बदलण्यावर पासवर्ड बसवला. पहिला अर्धा थोरलीला कानात सांगितला, दुसरा अर्धा धाकटीला. "आता काही बदलायचं तर शेजारी बसा. पंख्याला टाइप करता येत नाही."

चारला पाच मिनिटे कमी असताना दोन्ही पेपर छपाईला गेले. सुटकेच्या भरात धाकटीच्या तोंडून निघून गेले, "जाऊबाई, पाणी देऊ?"

"दे. आणि हे कार्ड घरघरतंय का गं?"

"मला कधीचं वाटतंय. मेलं सगळं याच्यामुळेच झालं!"

पुठ्ठा खाली आला. कित्येक वर्षांत त्यांचे पहिल्यांदाच एकमत झाले, आणि ते माझ्याविरुद्ध. आठवड्याने नवे कार्ड आले. दोघी खुर्च्या लावून बसल्या, आपापला अर्धा पासवर्ड टाकला, आणि माझा ड्रायव्हर आधी व्यवस्थित काढला. महिनाभर जे कुणाला जमले नाही, ते मला हाकलताना बिनचूक जमले.

आता मी टेबलावर पंख्यासमोर असते. कागद उडू नयेत म्हणून मला त्यांच्यावर ठेवतात. पंख्याशी आता कुणी बोलत नाही, तेवढेच समाधान.

म्हणून मित्रांनो, हात जोडून सांगते, नवा ड्रायव्हर घालण्याआधी जुना काढत जा. आणि घरातली दोन माणसे भांडत असतील, तर त्यांच्या मध्ये एखादे यंत्र ठेवू नका. त्यांचा समेट कधीतरी होतोच. तेव्हा दोष द्यायला त्यांना कुणीतरी लागते.