सहा आठवड्यांची नळी

मी एक जुनी नळी आहे. परळच्या एका मोठ्या रुग्णालयात, मूत्रविकार विभागातल्या काचेच्या कपाटात, बाटलीत बुडून बसले आहे. माझे तीन तुकडे झालेत आणि अंगभर खडा चढलाय. मला बघून कुणी नाक मुरडलं तर राग येत नाही, मित्रांनो. पण मी जन्मापासून अशी नव्हते, एवढं आधीच सांगून टाकते.

कारखान्यातून आले तेव्हा मी वीतभर लांब, नितळ आणि मऊ होते. दोन्ही टोकांना छोटे वळसे होते, एक किडनीत अडकायला आणि एक मूत्राशयात. मुतखडा काढला की आतली वाट सुजते. ती सूज उतरेपर्यंत लघवी तुंबू द्यायची नाही, एवढंच माझं काम. सहा आठवडे राबायचं आणि सुटायचं.

माझ्या वाट्याला आला दौलत. करी रोडच्या चाळीत राहायचा, मूळचा कोकणातला. गिरणीत चार साचे, म्हणजे कापडाचे माग, एकटा चालवायचा. साचे सोडून गेलं की मागे धागा तुटून कापड खराब व्हायचं आणि देखरेख करणाऱ्या जॉबरची बोलणी बसायची. म्हणून हा माणूस पाणीच प्यायचा नाही, आणि लघवी लागली तरी पाळी सुटेपर्यंत धरून ठेवायचा. पुढे संप झाला, साचे थांबले ते थांबलेच. दौलत एका इमारतीवर वॉचमन झाला, पण अंगातली सवय जाते थोडीच? संपानंतर चार वर्षांनी कळ उठली ती अशी, की त्याची बायको कमल त्याला टॅक्सीत घालून घेऊन आली.

तेव्हा दुर्बिणीची शस्त्रक्रिया नवी होती. डॉक्टरांनी पाठीला बोटाएवढं भोक पाडलं, आत दुर्बीण घातली, खडा फोडून बाहेर काढला आणि मला आत बसवलं. तीन दिवसांत दौलत चालायला लागला. सगळी चाळ ती खूण बघायला आली. "एवढंच?" म्हणून शेजारी बुधाजी हसला. मलाही तेव्हा आपला फार अभिमान वाटला होता.

घरी जाताना डॉक्टरांनी त्याला बजावलं होतं. "आत नळी आहे. सहा आठवड्यांनी या, लघवीच्या वाटेनं काढून टाकू." तारीख घातलेलं कार्ड हातात दिलं. लघवीच्या वाटेनं म्हटल्यावर दौलत लाजून मान खाली घालून बसला. कमलला त्यानं एवढंच सांगितलं, की सगळं झालं, आता काही नाही.

कार्ड त्यानं घरातल्या सगळ्यांत जपलेल्या जागी ठेवलं. पत्र्याच्या पेटीत, गिरणीच्या पितळी बिल्ल्याखाली. गिरणीचं बोलावणं आलं की बिल्ला काढायचा, तोवर पेटी उघडायची नाही, असं त्यानं ठरवलं होतं. बिल्ला बघितला की त्याला रडू यायचं. बोलावणं आलं नाही, आणि पेटी बंदच राहिली.

सहा आठवडे झाले, सहा महिने झाले. मी आतून वाट बघत होते. माझ्यावर लघवीतल्या क्षारांचा थर चढू लागला. त्याला जळजळ व्हायची, ताप यायचा.

"परत उन्हाळी लागली?" कमल विचारायची.

"होय गो. जाईल."

ती बिचारी धण्याचं पाणी करून द्यायची. जळजळ नको म्हणून तो आणखीच कमी पाणी प्यायचा, आणि मी आणखी जाड व्हायचे. ज्या वाटेची मी राखण करायची, तीच वाट मी बुजवत होते. ओरडून सांगावंसं वाटायचं, पण नळीला कुठलं तोंड?

तीन वर्षांनी तापानं फणफणलेल्या दौलतला पुन्हा इथे आणलं. डॉक्टरांनी एक्स-रेचा फोटो पाहिला आणि खुर्चीत मागे टेकले. त्यांनी जुनं कार्ड मागितलं. कमलनं घरी जाऊन सगळं घर पालथं घातलं, शेवटी पेटी उघडली. कार्ड घेऊन ती खाटेशी आली.

"माका कित्याक सांगलात नाय?" ती म्हणाली.

"लाज वाटली गो." मग कार्डावरची तारीख बघत तो म्हणाला, "गिरणी बोलावील म्हणून सात वर्षं वाट बघितली. आणि ज्यांनी तारीख घालून बोलावलं, तिथे गेलोच नाय."

दुर्बिणीनं मला काढता काढता माझे तीन तुकडे झाले. किडनी मात्र कुजली होती. ती काढायला कुशीत हातभर कापावं लागलं. दुसरी किडनी आधीच खड्यांनी थकलेली. दोन वर्षं तिनं कशीबशी रेटली.

मित्रांनो, मला वाईट समजू नका. भरपूर पाणी प्या, लघवी धरून ठेवू नका. आणि अंगात कुणी काही ठेवलं असेल तर घरात चारचौघांना मोठ्यानं सांगा. यात लाज कसली?

दौलत गेल्यावर कमल एकदा इथे आली. माझ्या बाटलीकडे बघत उभी राहिली. मग पिशवीतून ते कार्ड काढून तिनं सिस्टरच्या हातात दिलं. "हिच्याजवळ ठेवा," म्हणाली, "लोकांना दाखवा." तेव्हापासून ते माझ्या शेजारीच आहे. नळी काढल्याची खूण करायचा चौकोन अजून कोराच आहे.