रांजणांमागचा भात

हिवाळ्याची किमची, म्हणजे कोबीचं तिखट लोणचं, घालायचा दिवस आला की कोरियातल्या आमच्या गावात लग्नघराइतकी धांदल. मालसुनताईंच्या अंगणात आम्ही शेजारणी कोबीच्या पानापानाला मिरचीचा लेप चोळत बसलो होतो. ताईंची सून लोआन, व्हिएतनामहून आलेली, सातव्या महिन्याचं पोट सांभाळत माझ्या शेजारी बसली होती. पोरीच्या डोळ्यांतून नुसत्या धारा.

"काय गं, अजून मिरची झेपत नाही?" ताईंनी टोमणा मारला. "दुसरा हिवाळा हा तुझा. माझ्या नातवाला तरी सवय लाव!"

सगळ्या हसल्या, मीही हसले. लोआननं कोपरानं डोळे पुसले आणि पुढचा कोबी ओढला.

तिची आई तिकडे अंथरुणाला खिळली होती, हे आम्हाला ठाऊक होतं. अशा दिवसांत विमान नको असं डॉक्टरांनी बजावलं, म्हणून पोर इथेच अडकली होती.

दुपारी ताई परसात रांजण उघडायला गेल्या आणि किंचाळल्या. मी धावले. रांजणांमागे वाडग्यात शिगोशीग भात, वर सोललेलं उकडलेलं अंडं आणि भातात जेवायच्या दोन काड्या उभ्या खोवलेल्या. भातात काही उभं खोवलं की ते मेलेल्याचं पान, हे आमच्याकडे शेंबड्या पोरालाही कळतं.

"घरात पोटुशी बाई आणि हे अभद्र! कुणाच्या जिवावर उठलीस गं?" ताईंनी वाडगा भिरकावून दिला. भात चिखलात सांडला, अंडं गडगडत गेलं ते कुत्र्यानं गिळलं.

लोआन मागच्या दारात उभी होती. तिच्या हातमोज्यांवरून लाल लेप ठिबकत होता.

"माझी आई गेली," ती म्हणाली. "आज सकाळी फोन आला. पोटुशीनं मरणाचं नाव काढायचं नसतं, तुम्हीच सांगितलं होतं. म्हणून बोलले नाही. आमच्याकडे गेलेल्या माणसाच्या उशाशी हे ठेवतात. वाटेत भूक लागते ना."

पोटुशीचं तोंड बांधणाऱ्या असल्या रीती घालून देणाऱ्यांना एकदा परक्या देशात सासरी धाडायला हवं होतं, दुसरं काय!

ती चिखलातला भात वेचायला गेली, पण पोटामुळे वाकता येईना. मी धरलं तशी माझ्या खांद्यावर डोकं टेकून हमसून हमसून रडली. मलाही आवरेना.

ताई आत गेल्या. नवा भात लावला, अंडं उकडलं, घरातल्या सगळ्यांत चांगल्या वाडग्यात वाढलं आणि स्वतः आणून रांजणांपाशी ठेवलं.

"विहीणबाई पहिल्यांदा माझ्या दारी आल्या गं," ताई म्हणाल्या, "आणि मी त्यांच्या पुढचं पान उधळलं. खोव काड्या, तुमच्या रीतीनं खोव."

लोआन काड्या हातात धरून वाफेकडे बघत राहिली.

"माझी आई फार भिडस्त होती," ती म्हणाली. "आता निघून गेली असेल."