काम-फायचा उजव्या पायाचा बूट

दुपारचे तीन वाजून दहा मिनिटं झाली होती. सुक-हाननं दातानं दोरा तोडला आणि नवऱ्याला म्हणाली, "हं, घाला बघू." तेव्हापासून मी आहे. मी उजव्या पायाचा कापडी बूट. डावा माझा भाऊ.

जुन्या कपड्यांचे थर खळीनं चिकटवून तिनं माझा तळ शिवला. त्यात तिच्या लग्नातल्या झग्याचाही एक तुकडा आहे.

माझा धनी ल्युंग काम-फाय. हाँगकाँगच्या गोदीत ओझी उचलायचा आणि रविवारी फुटबॉल खेळायचा. समोर गोरे शिपाई, पायात जाड चामड्याचे बूट. ते हसायचे, "सपाता घालून आलेत!" काम-फाय उजवीकडून असा निसटायचा की शिपाई चिखलात बसायचे. मग आमचे लोक ओरडायचे, "उठा साहेब, सपाता तिकडं गेल्या!" काय दिवस होते ते!

पुढं मनिलाहून सामन्यांचं बोलावणं आलं. संघानं चामड्याचे बूट दिले. आम्ही दोघं घरी, चुलीपाशी राहिलो.

निघायच्या सकाळी त्याची आठ महिन्यांची युएत-मेई तापानं फणफणली होती. श्वास नुसता धापा टाकल्यासारखा. सुक-हान देवळात गेली होती. शेजारच्या फोंगकाकू पोरीच्या कपाळावर ओली पट्टी ठेवत होत्या. दारात संघातला आ-शिंग खोळंबला होता.

"अरे चल की! बोट काय तुझ्या सासऱ्याची आहे थांबायला?"

काम-फाय उंबऱ्यात जाऊन मोठ्यानं ओरडला, "ही कुत्री कुणाला हवीय? मेली तर मेली! मी चाललो चेंडू खेळायला."

आमच्यात आजारी लेकराला असंच बोलतात. भुतांना वाटावं, टाकाऊ पोर आहे, कशाला न्यायचं? पण बोलणारा हळूच हसतो, म्हणजे घरच्यांना कळतं. काम-फायला हसू आलंच नाही. फोंगकाकूंचा चेहरा पडला. त्या पाणी बदलायला बाहेर गेल्या.

तेवढ्यात तो आत आला. मला उचललं आणि पोरीचं इवलंसं गरम पाऊल माझ्यात घातलं. हळूच म्हणाला, "एवढा पाय झाला की तुला शिकवीन. खरं काय ते परत आल्यावर सांगतो." हे फक्त मला ठाऊक.

तिसऱ्या दिवशी ताप उतरला. भुतं फसली.

काम-फाय मात्र मनिलाच्या मैदानात पोटात लाथ बसून गेला. त्याला तिथंच पुरलं. इथं रिकामी कबर केली, तिच्यात त्याचा सदरा आणि माझा भाऊ ठेवला. मला सुक-हाननं पेटीत जपलं.

एकदा फोंगकाकू बोलून गेल्या, "रिवाज कसला? मी तोंड पाहिलंय त्याचं. हसला नाही तो." त्यानंतर सुक-हाननं 'तो रिवाजच होता' असं पुन्हा कधी म्हटलं नाही. युएत-मेई तेच ऐकत वाढली. भुतांबरोबर माणसंही फसली.

आता तिलाही लेकरू आहे. सुक-हान वारली. काल युएत-मेईनं पेटी उपसली, मला चिमटीत धरलं. "हा त्यांचा. मेली तर मेली म्हणाले होते ना?" आणि मला दाराबाहेरच्या भंगाराच्या टोपलीत टाकलं.

मला तोंड नाही, तुम्हाला आहे. मासळीबाजारामागच्या गल्लीत ती राहते. तिला गाठा. सांगा, बाई, तुझं पाऊल त्यानं या बुटात घालून पाहिलं होतं. तो खरं सांगायला परत येणार होता. एवढा निरोप पोचवा.