उसनं कातडं

पितांबरची दुसरी बायको कुंदाबाई चोपड्याजवळच्या त्या गावात चार वर्षं नांदली, तरी गावाच्या तोंडी अजून ‘नवी’च होती. पहिलीची लेक विमल सात वर्षांची. सत्त्याऐंशी सालच्या माघात मळ्यात भरिताची वांगी भाजायला कापसाच्या पऱ्हाट्या पेटवल्या आणि पोरीच्या परकराने पेट घेतला. पोटापासून गुडघ्यांपर्यंत भाजली.

जळगावच्या दवाखान्यात डॉक्टर म्हणाले, जखम उघडी राहिली तर पोर हातची जाईल. तिचंच कातडं काढून लावावं, तर तेवढं बळ तिच्यात नाही. तोवर कुणाचं तरी पांघरायला हवं. पितांबर छताकडे बघू लागला. कुंदाबाई म्हणाली, "मनं कातडं काढा."

तिच्या दोन्ही मांड्या सोलून विमलची जखम झाकली. हे काही दिवसांपुरतंच, असं डॉक्टरांनी सांगितलं होतं. पण मांड्यांची आग होत असताना कोण ऐकतं?

विमलची आजी शेवंताबाई, म्हणजे पहिलीची आई, रोज वॉर्डाबाहेरच्या बाकावर बसायची आणि येणाऱ्याजाणाऱ्याला ऐकवायची, "सावत्रनं कातडं कसं टिकी?" कुंदाबाईच्या जिवाला तेच लागून राहिलं. ड्रेसिंग सुटलं की ती आधी कातडं बघे, मग पोरीचं तोंड. कातडं छान चिकटलं होतं. बारा दिवस बाई लंगडत का होईना, पण ताठ मानेने वावरली.

तेराव्या दिवशी कडा काळ्या पडल्या. पंधराव्या दिवशी कातडं सुटून डॉक्टरांच्या चिमट्यात आलं. कुंदाबाई पुढे सरकली.

"डॉक्टर, मी तिनी माय नही, म्हणीसन गळनं का?"

"अहो बाई, ते गळायचंच होतं. खाली बघा, तिची स्वतःची कातडी येतेय. सख्ख्या आईचं लावलं असतं तरी असंच गळलं असतं."

कुंदाबाईने डोळे पुसले. "मंग जरा जोरमा सांगा ना भाऊ. बाहेर बाकवर आक्का बशेल शे."

डॉक्टर हसले आणि सगळ्या वॉर्डाला ऐकू जाईल असं पुन्हा बोलले.

थोड्या वेळाने शेवंताबाई आत आली. नातीकडे बघितलं, मग खाली वाकून कुंदाबाईचं लुगडं जरासं सारलं आणि मांडीवरच्या पट्ट्या बघत राहिली.

"भलतं दुखस का व, बेटा?"

पंधरा दिवसांत हे तिला कुणीच विचारलं नव्हतं. कुंदाबाई रडायलाच लागली.